अमृतानुभव आणि मायावाद

चाकणच्या दक्षिणेस इंद्रायणीकांठीं आळंदी येथें शके १२१८ मध्यें समाधिस्थ झालेल्या ज्ञानदेवांस मायावादी ठरविणारे ज्ञानेश्वरींतील मृगजळादि दृष्टान्त पुढें करितात. परंतु ती गीतेची टीका. तींत भाष्यकारांचा अनुरोध येणारच. ग्रंथकाराचें स्वतंत्र मत अमृतानुभवांत पाहिलें पाहिजे. त्याच्या सातव्या प्रकरणांत अज्ञानाचेंच खंडन आहे. ज्ञानस्वरूप वस्तूंत अज्ञान नांदूंच शकत नाहीं, असें ठरल्यावर त्याचें कार्य म्हणून जग मिथ्या कसें ठरावें? तेथें दृश्य हा चैतन्याचाच विलास आहे. डॉ. शं. दा. पेंडसे यांनीं मायावादाचा पक्ष घेतला, डॉ. भा. पं. बहिरट यांनीं १९५६ च्या इंग्रजी ग्रंथांत चिद्विलासाचा. आम्हांस दुसरा पक्ष सबळ वाटतो. म्हणून संग्राहकांनीं अमृतानुभवाची सटीक पोथी वाचतांना टीकाकाराचें मत मुळाच्या माथीं मारूं नये.