चक्रधरचा चुकलेला हिशोब

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही छोटेखानी कादंबरी १९३९ साली आली. तिच्याविषयी बोलताना युद्धाविषयी बोलण्याचा प्रघात आहे. मला तिच्यात एका मनाचा चुकलेला हिशोबही दिसतो.

पहिल्या प्रेमात चक्रधर पोळला. ते दुःख खरेच. पण त्यातून काढलेला निष्कर्ष? एका स्त्रीवरून त्याने साऱ्या स्त्रिया जोखल्या, आणि आपले काळीजही आता दगडाचे झाले, अशी स्वतःची समजूत घातली. एक गणित चुकताच ‘मला काही येतच नाही’ म्हणून पाटी पालथी घालणारी मुले आम्हां शिक्षकांच्या ओळखीची असतात. चक्रधर त्यांचाच थोरला भाऊ. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी खिन्न रुग्णांच्या विचारांतील असल्या चुका १९६३ साली मांडल्या. बेडेकरांच्या बोटीवर त्या चोवीस वर्षे आधीच चढल्या होत्या.

त्याच बोटीवर हॅर्टा आहे. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या या ज्यू तरुणीचे भय कल्पनेतले नव्हे. तिला ‘विचार बदल’ म्हणून सांगणे क्रूरपणाचे होईल. मनाने रचलेले दुःख आणि जगाने लादलेले दुःख लेखकाने असे शेजारी शेजारी बसवले, यात मला कादंबरीचे मोठेपण वाटते.

हॅर्टाच्या सहवासात तो दगड पाझरतो. पण मुंबई येते आणि चक्रधर उतरतो. पुढल्या प्रवासात हॅर्टा समुद्राला जवळ करते. त्या मरणाचा दोष एकट्या चक्रधरवर टाकता येणार नाही. तरीही माणसाने स्वतःविषयी करून घेतलेल्या खोट्या समजुतीचे देणे कधी कधी दुसऱ्यालाही फेडावे लागते, हे ‘रणांगण’ वाचल्यावर विसरता येत नाही.