टाकी रिकामी की तार तुटलेली?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांत दाब, तापमान, पातळी यांवर सतत नजर ठेवावी लागते. त्यामुळे नवी मुंबईत दहावी-बारावीनंतर इन्स्ट्रुमेंटेशनकडे वळणारे विद्यार्थी बरेच असतात. अल्पमुदतीच्या वर्गांच्या माहितीपत्रकांत पीएलसी व स्काडा ही नावे ठळक दिसतात. कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाचे वाचन प्रमाण उपकरणाशी ताडून पाहणे, हे मात्र शोधावे लागते.

हा दोष किरकोळ नव्हे. संगणकावरील नकली टाकीची तार आपोआप तुटत नाही, व्हॉल्व्ह अडकत नाही. कारखान्यात नेमके हेच घडते. म्हणूनच संकेतासाठी ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह वापरतात. रिकाम्या टाकीला ४, अर्ध्या टाकीला १२, भरलेलीला २०. प्रवाह शून्य झाला, तर टाकी रिकामी समजायची नाही. तार तुटली असावी! ज्याने ती तार स्वतः सोडवून पाहिली, त्याला हे कायमचे कळते.

१९८४ साली भोपाळमध्ये गळतीपूर्वी टाकीतील दाब २ वरून १० पीएसआयवर गेलेला दिसला होता. पण तेथील उपकरणांवर कामगारांचा भरवसाच उरला नव्हता.

आयटीआयचा 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक (केमिकल प्लांट)' अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, तो उगीच नव्हे. हात बसायला वेळ लागतो. तेव्हा शिक्षकांनी पालकांना एवढे जरूर सांगावे: शुल्क भरण्यापूर्वी प्रयोगशाळा पाहा. एका प्रेशर ट्रान्समीटरमागे विद्यार्थी किती, आणि तो त्यांना उघडू देतात का, हे विचारा. उत्तर टाळले गेले, तर पैसे भरू नका.