सिद्धांत आणि विनियोग

जॉन कॅल्विनचे नाव निघाले की ईश्वरी पूर्वनियोजनाचा कठोर सिद्धांत डोळ्यांपुढे उभा राहावा आणि त्याखाली मनुष्याचे सारे कर्तृत्व चिरडून गेले असावे असे वाटावे, हा समज आपल्याकडील सुशिक्षितांत इतका रूढ झाला आहे की, त्याचा मूळ ग्रंथ उघडून प्रकरणांचा अनुक्रम पाहण्याची तसदीही सहसा कोणी घेत नाही. १५३६ साली बाझेल येथे अवघ्या सहा प्रकरणांचे पुस्तक म्हणून प्रसिद्ध झालेली आणि १५५९ च्या अखेरच्या लॅटिन आवृत्तीत चार खंड व ऐंशी प्रकरणे इतकी विस्तारलेली त्याची ‘इन्स्टिट्यूट्स’ ज्याने सावकाश वाचली, त्याला तिसऱ्या खंडापाशी थबकावेच लागते. कारण तेथे आधी पश्चात्ताप येतो, मग आत्मत्याग, वधस्तंभ वाहणे आणि ऐहिक वस्तूंचा मर्यादशील उपभोग यांचे विवेचन येते, त्यानंतर विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत, विसाव्या प्रकरणात प्रार्थनेचे अतिशय विस्तृत निरूपण, आणि हे सर्व झाल्यावर, एकविसाव्या प्रकरणात, देवाने केलेल्या निवडीचा विषय निघतो. प्रार्थनेत गुडघे टेकल्यावाचून त्या गूढाच्या दाराशी जाण्याची मुभा नाही, असाच या मांडणीचा अर्थ मला लागतो.

सुधारित, म्हणजे ज्याला जगभर रिफॉर्म्ड म्हणतात त्या परंपरेच्या ग्रंथांचे परीक्षण करावयाचे, तर कसोटी याच मांडणीतून मिळते. सिद्धांत सांगितला आणि आचरण वाचकावर सोपवले, किंवा आचरणाचे नियम दिले आणि ते कोणत्या कृपेच्या बळावर पाळावयाचे हे सांगितले नाही, असे झाले की ते पुस्तक कितीही शुद्ध वा कितीही उपयुक्त वाटले तरी या परंपरेचे उरत नाही. पॅलाटिनेटचा निर्वाचक राजपुत्र (इलेक्टर) तिसरा फ्रेडरिक याच्या हुकुमावरून मुख्यतः झकारियास उर्सिनस याने सिद्ध केलेली १५६३ ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावली पाहा. तिच्या १२९ प्रश्नांचे दैन्य, मुक्ती आणि कृतज्ञता असे तीन भाग आहेत. पहिल्या भागात देवाच्या नियमशास्त्राचा सारांश केवळ मनुष्याला स्वतःचे दैन्य कळावे एवढ्यापुरता येतो. दहा आज्ञांचे एकेक करून विवरण मात्र तिसऱ्या भागात, कृतज्ञतेच्या सदराखाली, केले आहे. एकच नियमशास्त्र एकदा आरोपी म्हणून उभे करते आणि दुसऱ्यांदा, आरोप माफ झाल्यावर, मुक्त झालेल्या माणसाला चालण्याची वाट दाखविते. धर्मशास्त्राच्या इतिहासात रचनेनेच एवढा मोठा सिद्धांत बोलून दाखविल्याची उदाहरणे फार नसतील. वर्षाच्या बावन्न रविवारांत ती वाटून दिल्यामुळे सामान्य कुणबी-कारागिरालाही हा क्रम वर्षानुवर्षे कानी पडून अंगवळणी पडला, ही गोष्ट तिच्या यशात दुय्यम मानता येणार नाही.

इंग्लंडातील प्युरिटन लेखकांनी हीच दृष्टी प्रवचनाच्या शिस्तीत बसविली. केंब्रिजच्या विल्यम पर्किन्सने उपदेशकलेवर लिहिलेल्या ग्रंथात शास्त्रवचनाचा अर्थ, त्यातून निघणारा सिद्धांत आणि श्रोत्यांच्या निरनिराळ्या अवस्थांना लागू होणारा त्याचा विनियोग असा जो मार्ग आखून दिला, त्यावरून पुढे शतकभर पुस्तके लिहिली गेली. या विनियोगाचा दर्जा हाच त्या साहित्याच्या कलेचा प्राण आहे. रिचर्ड सिब्जने १६३० साली ‘द ब्रूज्ड रीड’ प्रसिद्ध केले, ते यशया संदेष्ट्याच्या चेपलेल्या बोरूच्या व मिणमिणत्या वातीच्या वचनावर. आणि प्युरिटन म्हणजे कपाळाला आठ्या घातलेला दंडाधिकारी, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी दुर्बल अंतःकरणाशी इतक्या हळुवारपणे बोलणारे ते पुस्तक एकदा वाचावेच. रिचर्ड बॅक्स्टरच्या पित्याच्या दारी एक गरीब फेरीवाला गाणी व काही सद्ग्रंथ विकायला आला, त्याच्याकडून हे पुस्तक घेतले गेले आणि तरुण बॅक्स्टरला त्यातून ख्रिस्ताच्या प्रीतीची ओळख पटली, हे त्याने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. विद्वानांचे धर्मशास्त्र त्या काळी फेरीवाल्याच्या गाठोड्यात मावत होते, याचे मला फार महत्त्व वाटते.

जॉन ओवेनचा मार्ग वेगळा. ऑक्सफर्ड विद्यापीठाचा कारभार त्याच्या हाती असताना तेथे दिलेल्या प्रवचनांतून १६५६ साली निघालेला त्याचा पापनिग्रहावरील ग्रंथ रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायातील एका वचनावर उभा आहे. त्याची वाक्ये जड, लॅटिन वळणाची आणि पोटवाक्यांनी लादलेली आहेत, हे मान्य करूनही मी म्हणेन की, मानवी मनाच्या पळवाटांचा असा पंचनामा फारच थोड्यांनी केला असेल. पापाचे एक रूप दडपले आणि दुसरे त्याच्या जागी येऊन बसले, तारुण्यातील विषयलोभ गेला आणि उतारवयात धनलोभ आला, तर त्याला निग्रह म्हणावयाचे नाही, पापाने केवळ वेष पालटला, असे तो दाखवितो. आणि ख्रिस्ताशी संयोग व पवित्र आत्म्याचे साहाय्य यांवाचून केलेला देहदंड माणसाला एक तर दांभिक करतो नाही तर निराश करतो, येथवर वाचकाला आणून सोडतो. येथे सिद्धांत विवेचनाच्या हाडामासात आहे. तो वजा केला तर उपदेशाचे एक पानही शिल्लक राहणार नाही.

आचरणाचा विस्तार किती दूरवर जाऊ शकतो, हे पाहायचे असेल तर वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेची मोठी प्रश्नोत्तरावली उघडून चोरीविषयीच्या आज्ञेचे विवरण वाचावे. चोरी व दरोडा यांच्या पंक्तीला तेथे माणसे पळविणे, खोटी वजनमापे, शेताच्या हद्दीच्या खुणा सरकविणे, करारातील लबाडी, लाचलुचपत, व्याजखोरी, दुसऱ्याला जेरीस आणण्यासाठी केलेले दावे, गावे ओस पाडणारी जमिनीची कुंपणे आणि भाव चढविण्यासाठी केलेली मालाची साठेबाजी हे सारे गुन्हे नावानिशी बसविले आहेत. कोर्टकचेरी, बाजारपेठ आणि शेतशिवार यांपैकी एकही जागा धर्माच्या अंमलातून सुटलेली नाही. बॅक्स्टरने १६७३ च्या आपल्या प्रचंड ‘ख्रिश्चन डायरेक्टरी’त व्यक्ती, कुटुंब, मंडळी आणि राज्य अशा चार भागांत हेच काम पुढे नेले, वकील, वैद्य, शिक्षक, शिपाई यांना स्वतंत्र सूचना दिल्या, आणि आफ्रिकेतील निरपराध माणसे धरून गुलाम करणे ही जगातील अत्यंत नीच चोरी होय असे निर्भीडपणे लिहिले. नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतात मात्र बॅक्स्टरचा तोल सुटला होता, आणि ओवेनादिकांनी त्याबद्दल घेतलेले आक्षेप मला ग्राह्य वाटतात. व्यवहारात सर्वांत खोल उतरलेला लेखक सिद्धांतात डळमळीत असावा, ही वस्तुस्थिती या परंपरेच्या अभिमान्यांना अडचणीची आहे. ती झाकण्यात मात्र काही अर्थ नाही.

त्याहून अधिक जिव्हारी लागणारी गोष्ट पुढच्या शतकातील आहे. जोनाथन एडवर्ड्सच्या ‘रिलिजस अफेक्शन्स’ या १७४६ च्या ग्रंथात खऱ्या धर्मभावनेची बारा लक्षणे दिली आहेत आणि बाराव्या लक्षणाला, म्हणजे प्रत्यक्ष आचरणाला, सर्वांत अधिक पाने दिली आहेत. भावनेची पारख इतक्या सूक्ष्मतेने करणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही. आणि याच एडवर्ड्सने १७३१ साली न्यूपोर्ट येथे सुमारे चौदा वर्षांची एक आफ्रिकन मुलगी ऐंशी पौंडांना विकत घेतली; त्या व्यवहाराचे खरेदीखत आजही उपलब्ध आहे. माणसे पळविणे ही चोरी, असे सांगणारी प्रश्नोत्तरावली आणि बॅक्स्टरचे पुस्तक ज्या परंपरेत होते, तिच्या सर्वश्रेष्ठ बुद्धिवंताला स्वतःच्या घरातील दासी दिसली नाही. केवळ काळाचा प्रभाव म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण त्याच परंपरेतील बॅक्स्टरने दोन पिढ्या आधी या व्यापारावर बोट ठेवले होते. दक्षिण आफ्रिकेतही सुधारित मंडळींच्या विद्वानांनी वंशभेदाला शास्त्राधार पुरविला, आणि त्याविरुद्ध १९८२ साली बेल्हारचे जे विश्वासपत्रक लिहिले गेले तेही सुधारित मंडळीतूनच. विनियोगाचा कालवा जेथे अडविला जातो तेथे सिद्धांताचे पाणी कितीही निर्मळ असले तरी रान करपतेच.

एकोणिसाव्या शतकासंबंधी थोडक्यात सांगायचे तर जे. सी. राइलच्या ‘होलिनेस’खेरीज फारसे थांबण्यासारखे मला आढळत नाही. पवित्रताही प्रयत्नांवाचून केवळ विश्वासाने पदरात पडते, अशी जी शिकवण त्या सुमारास केसविकच्या सभांतून पसरत होती तिला उत्तर म्हणून १८७७ साली निघालेले हे पुस्तक छोट्या, ठसठशीत वाक्यांत लिहिलेले आहे, आणि ओवेनचा गाभा साध्या भाषेत सांगता येतो याचा तो निर्वाळा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये जे घडले त्याला मात्र पुनरुज्जीवन हाच शब्द शोभतो. वेस्टमिन्स्टर चॅपेलच्या व्यासपीठावर मार्टिन लॉइड-जोन्स होते. १९५० पासून प्युरिटन लेखकांवर परिषदा भरू लागल्या. आणि १९५७ साली स्थापन झालेल्या ‘बॅनर ऑफ ट्रूथ’ या संस्थेने टॉमस वॉटसनच्या ‘बॉडी ऑफ डिव्हिनिटी’सारखे विस्मृतीत गेलेले ग्रंथ स्वस्तात व नीटस बांधणीत छापले आणि पुढे १९६५ ते १९६८ या काळात ओवेनच्या समग्र वाङ्मयाचे सोळा खंड बाजारात आणले. लॉइड-जोन्स मूळचे वैद्य. नैराश्याने ग्रासलेल्या विश्वासी माणसांवरील त्यांचे १९६५ चे ‘स्पिरिच्युअल डिप्रेशन’ वाचताना नाडीपरीक्षेची ती सवय पानोपानी जाणवते: उपदेश करण्याआधी ते रोगी कोण, त्याची प्रकृती कशी, दुखणे शरीराचे की मनाचे की विवेकाचे, याची चौकशी करतात. जे. आय. पॅकर यांचे १९७३ चे ‘नोइंग गॉड’ मूळ एका नियतकालिकातील लेखमाला. देवाच्या गुणधर्मांवरील प्रत्येक प्रकरण वाचकाच्या उपासनेपर्यंत आणून पोचविण्याची त्यांची हातोटी पर्किन्सच्या शाळेतील आहे, आणि लोकप्रिय होऊनही पातळ न झालेल्या मोजक्या पुस्तकांत मी त्याची गणना करतो.

आजची स्थिती मात्र संमिश्र आहे. संपादनाचे काम पूर्वी कधी झाले नव्हते इतके उत्तम होत आहे: ओवेनचे पापविषयक ग्रंथ २००६ साली टीपा व उपशीर्षकांसह नव्याने निघाले, डच पंडित हर्मन बाव्हिंक यांचे ‘रिफॉर्म्ड डॉगमॅटिक्स’ चार खंडांत इंग्रजीत आले आणि २०१९ पासून त्यांच्या नीतिशास्त्राच्या अप्रकाशित हस्तलिखिताचे खंडही येऊ लागले. जोएल बीकी व मार्क जोन्स यांच्या २०१२ च्या ‘अ प्युरिटन थिऑलॉजी’तील शेवटचा विभाग आचरणाला वाहिलेला आहे. नवीन लेखनात सिंक्लेअर फर्ग्युसन यांचे २०१६ चे ‘द होल क्राइस्ट’ मला सर्वांत मोलाचे वाटते. अठराव्या शतकातील स्कॉटलंडच्या एका वादाच्या निमित्ताने, कर्मठपणा आणि स्वैराचार हे दोन्ही दोष देवाच्या औदार्याविषयीच्या एकाच अविश्वासातून उद्भवतात, हे त्यांनी ज्या सौम्य ठामपणे उलगडले आहे त्यात पाळकाची कळकळ आणि इतिहासकाराची काटेकोरी एकत्र नांदतात. परंतु या मोजक्या ग्रंथांभोवती जे रान माजले आहे, त्यात व्याख्यानांची शब्दांकित पुस्तके, एकाच मुद्द्याची दीडशे पानांत केलेली आवर्तने आणि मनःशांतीच्या सूचनांना शेवटी एखादे वचन जोडून दिलेली पुस्तके यांचाच भरणा आहे. दुसऱ्या बाजूला कृपेच्या सिद्धांतांची वादचर्चा इतकी तीक्ष्ण झाली आहे की, ती जिंकणाऱ्याच्या घरात त्या कृपेचा प्रत्यय येतो की नाही, हे विचारणे औचित्यभंगाचे ठरावे. आणि जी आज्ञा वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने साठेबाजीपर्यंत नेली, ती आजच्या बहुतेक पुस्तकांत व्यक्तीच्या खासगी मोहांपाशीच थांबते. पेढी, कारखाना, मजुरी, भाडेकरार यांविषयी बॅक्स्टरच्या धैर्याने लिहिणारा कोणी मला तरी दिसत नाही.

मराठीचा या परंपरेशी संबंध जुना आहे. १८१३ साली मुंबईस आलेले अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि १८२९ साली आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हे दोघेही याच धर्मसुधारणेच्या वंशातील. बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’वरून हरि केशवजी यांनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ १८४१ साली निघाले. १८५७ सालचे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ कादंबरी म्हणून आपण वाचतो. परंतु हिंदू विधवांच्या हालांना त्यांनी धर्मविवेचनाच्या पुढ्यात आणून बसविले, तो मला विनियोगाचाच अस्सल मराठी नमुना वाटतो. नारायण वामन टिळकांच्या ओवी-अभंगांनी भक्तीची बाजू भरभक्कम केली. त्या मानाने आज्ञांचे सविस्तर, गद्य, व्यवहारात उतरणारे विवरण मात्र मागेच पडले, आणि आजच्या मराठी ख्रिस्ती लेखकापुढे मी हेच काम ठेवीन. ओवेन-वॉटसनांची भाषांतरे जरूर व्हावीत. परंतु चोरीविषयीच्या आज्ञेवर एक स्वतंत्र मराठी पुस्तक त्याआधी यावे. त्यात बांध कोरणारी भावकी असावी, हुंड्याची बोलणी असावीत, शेकडा पाच टक्के महिना व्याजाने दिलेली उसनवारी असावी, पिढ्यान्‌पिढ्या चाललेला वाटणीचा दावा असावा, मंडळीच्या मिळकतीचा हिशेब असावा, आणि मंडळीत येऊनही लग्नाच्या वेळी विचारली जाणारी जात असावी. आणि या प्रत्येकापाशी लेखकाने उर्सिनसप्रमाणे आधी क्षमा मिळालेल्या माणसाची कृतज्ञता सांगून मग त्याच्या हातात आज्ञा द्यावी.