चार पट्ट्यांचे गाणे

गेल्या भाऊबीजेला मला ओवाळायला बहीण नव्हती. वैशाखात ती गेली. तिचा मुलगा मात्र सकाळीच आला आणि माझ्या कानांना यंत्र लावून म्हणाला, "मामा, आईच्या ओव्या मिक्स केल्या आहेत. ऐका, आणि भीड न ठेवता सांगा."

आजवर मी पुस्तकांवर लिहिले, क्वचित मैफलींवर. घरी केलेल्या ध्वनिमुद्रणाचे परीक्षण करण्याचा प्रसंग पहिलाच, आणि तोही असा! भाच्याच्या खोलीतला तो संसार मी पूर्वी पाहिला होता. खिडकीवर दोन गोधड्या, दाराखालच्या फटीत जुने धोतर, टेबलावर लॅपटॉप आणि एक मायक्रोफोन. गोधड्या थंडीसाठी नव्हेत. उघड्या भिंतींवर आपटून आवाज परत येतो आणि मूळ आवाज धूसर करतो, त्याला अडवण्यासाठी. मुद्रण म्हणजे आवाज पकडणे. मिक्सिंग म्हणजे पकडलेल्यांपैकी कोणाला पुढे बसवायचे आणि कोणाला मागे, हे ठरवणे. पंगतीचा यजमान करतो तेच.

मी ऐकले. निर्मळ होते, नको तितके निर्मळ होते. पंख्याची घरघर गेली होती, श्वास कापले होते, एक चढलेला सूर खाली आणून नीट बसवला होता आणि सगळ्यावर गाभाऱ्यासारखा घुमारा दिला होता. माझी बहीण आयुष्यात कधी गाभाऱ्यात गायली नाही. ती ओट्यापाशी गायची.

मला त्या क्षणी आठवली ती एक अमेरिकन ध्वनिमुद्रिका. १९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथे भाड्याच्या घरात बसून काही गाणी कॅसेटवर घेतली. यंत्र टास्कॅमचे पोर्टास्टुडिओ, चार पट्ट्यांचे. (पट्टी म्हणजे आपली काळी चार नव्हे, फितीवर शेजारी शेजारी चार आवाज वेगळे ठेवण्याची सोय.) एका पट्टीवर गळा, एकीवर गिटार, उरलेल्या दोहोंवर हवे ते. ही चार मिसळून त्याने ती उतरवली एका साध्या घरगुती कॅसेट रेकॉर्डरवर. हा सगळा कच्चा आराखडा होता. पुढे न्यूयॉर्कच्या भारी स्टुडिओत आपल्या बॅण्डला घेऊन तो ती गाणी पुन्हा वाजवून पाहू लागला. सगळे होते, पण ते गाणे येईना. अखेर खिशात वागवलेली ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने सप्टेंबर १९८२ मध्ये बाहेर पडली.

शीर्षकगीत १९५८ च्या एका खऱ्या हत्याकांडातील खुन्याच्या तोंडी आहे. खुनी ओरडत नाही. शेजारच्या खोलीतून कोणी पुटपुटावे तसा बोलतो. फितीची खरखर मागे सतत आहे, आणि ती काढली तर त्याचा एकटेपणाही निघून जाईल. बॅण्डसह केलेली ती गाणी २०२५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाली. 'अटलांटिक सिटी' तिच्यात अंगात वारे भरल्यासारखे धावते. ऐकायला मजा येते. पण घरच्या प्रतीत त्या माणसाची जी कोंडी होते, ती नाही.

तरी घरची ती सगळी खडबडीत, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. बिली आयलिशची २०१९ ची ध्वनिमुद्रिका लॉस एंजेलिसमधल्या भावाच्या शयनगृहातच घडली आणि ती घासूनपुसून लखलखीत आहे. तिथे ती कुजबूज लखलखीतपणे कानाशी यायलाच हवी होती.

मी भाच्याला मूळ प्रत मागितली. दुसऱ्या ओवीत कुकरची शिटी होते, बहीण थांबते, "गॅस बारीक कर रे" म्हणते आणि सूर न सोडता पुढचा चरण उचलते. हे त्याने कापले होते!

"मामा, लोक ओव्या ऐकायला बसतील, कुकर ऐकायला नाही."

त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. तिसऱ्या ओवीत पंख्याने दोन शब्द गिळले होते. तिथली साफसफाई मला मान्य होती. सूर बसवणे मात्र मान्य नव्हते. तो सूर चढतो तो माहेर या शब्दावर. तिला माहेर आठवले की आवाज चढायचा, हे मी साठ वर्षे ऐकले आहे; भाच्याला ती चूक वाटली. आम्ही भांडलो. फराळ तसाच राहिला.

पुढे महिन्याभराने दुसरी प्रत आली. घुमारा गेला आहे, श्वास परत आले आहेत, चढलेला सूर चढलेलाच आहे. तानपुरा अजून थोडा मागे हवा. शिटी ठेवली आहे, पण लांबच्या घरातली वाटावी इतकी बारीक. मी त्याला कळवले आहे की कुकर आपल्याच घरातला होता, तो जवळ आण.