मागून वाचायची गाडी

मालवाहू गाडी बघायची ती मागून. शोरूममध्ये गिऱ्हाईक आधी पुढची जाळी बघतं, दिवे बघतं, दार उघडून स्टिअरिंगवर हात ठेवतं. गाडीचा खरा मजकूर मात्र मागच्या चाकांच्या मधे, हौद्याच्या सावलीत असतो आणि तो वाचायला उकिडवं बसावं लागतं. मरोळ नाक्याच्या आसपास किंवा मुलुंड चेकनाक्याशी भाड्याची वाट बघत उभ्या असलेल्या टेम्पोंच्या रांगेत हा अभ्यास फुकटात होतो, कारण डिझेलवर चालणाऱ्या तिन्ही वजनांच्या गाड्या तिथे एकमेकींना खेटून उभ्या असतात. पाऊण टनाचा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस. तेराशे किलोंपासून दोन टनांपर्यंत भार घेणारी महिंद्राची बोलेरो पिकअप. आणि तिच्या वरची टाटा ४०७. या शेवटच्या गाडीला पिकअप म्हणावं की ट्रक, यावर वाद घालता येईल. पण उपनगरातला व्यापारी माल बघून याच तिघींतून निवड करतो, तेव्हा आपणही त्यांना एकत्रच घेऊ.

हलकी गाडी जड कशाने होते? इंजिन मोठं झालं की, असं आपण धरून चालतो. बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसीचं आणि ४०७चं २९५६ सीसीचं. फरक पाणी प्यायच्या दोन पेल्यांएवढा. एवढ्याने गाडीचा वर्ग बदलत नाही. बदलतात ते पाटे, मागचा आस, टायर आणि ब्रेक. म्हणूनच मागून सुरुवात करायची.

वाशीच्या बाजारातून कांदा भरून पहाटे बोरिवलीला आलेली पिकअप रिकामी होताना एकदा जवळून बघावी. पन्नास किलोंची गोणी धरली तर दोन टनांच्या गाडीत चाळीस गोण्या. फाळका उघडण्याआधी मागचे पाटे जवळजवळ सरळ झालेले दिसतात. पोलादी पट्ट्यांची ती चवड एरवी दोन्ही टोकं वर आणि पोट खाली अशी वाकलेली असते आणि त्या पोटाला यू-बोल्टांनी मागचा आस आवळलेला असतो. हमाल एकेक गोणी पाठीवर घेत जातात तसा हौदा हलक्या हाताने वर येतो. निम्मा माल उतरला, की चवडीच्या तळाच्या जाड, जवळपास सपाट पाट्याच्या टोकांपाशी फट दिसू लागते. हा मदतीचा पाटा. रिकाम्या गाडीत तो कशालाच हात लावत नाही. वरचे बारीक पाटे एकटेच खड्डे सोसतात आणि गाडी उसळत नाही. भार एका मर्यादेपलीकडे गेला, की वरचे पाटे दबून त्याच्यावर टेकतात आणि त्या क्षणापासून स्प्रिंग ताठ होते. एकही तार नाही, बटण नाही. वजनच वजनासाठी जादा हात बोलावतं. यंत्रशास्त्रात इतकी शहाणी आणि इतकी मुकी योजना मला फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

आता त्याच चवडीतल्या मुख्य पाट्याची दोन्ही टोकं बघा. पुढचं टोक चासीला पिनेने पक्कं जखडलेलं, मागचं मात्र एका झुलत्या कडीवर, शॅकलवर, टांगलेलं. कारण कमान सरळ झाली की तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला जागा हवी. दोन्ही टोकं पक्की केली असती तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पाटा तुटला असता. भरलेल्या गाडीत ही कडी मागे कललेली असते, रिकामीत उभी. अनुभवी चालक तिच्या कलावरून भार ओळखतो, वजनकाटा नंतर.

छोट्या हत्तीचे पुढचे पाटे वेगळ्या जातीचे आहेत आणि तिथे रसिकाने जरा थांबावं. पुढेसुद्धा अखंड आस आणि पाटे, ही रचना मोटारगाडीची नव्हे, ट्रकची. पण पाटे पॅराबोलिक: मधे जाड, टोकांकडे निमुळते होत गेलेले. साध्या चवडीतले पाटे एकमेकांवर घासतात. ते घर्षण गाडीचं हेलकावणं आवरतं, पण बारीक खड्ड्यांत चाकाला मोकळं हलू देत नाही. पॅराबोलिक पाटे मध्याशी आणि टोकांशीच भेटतात, मधल्या लांबीत एकमेकांना शिवत नाहीत. त्यामुळे कमी पोलादात, कमी वजनात तेवढंच काम होतं आणि रिकामी फेरी मऊ जाते. शहरातल्या छोट्या टेम्पोच्या बऱ्याच फेऱ्या जाताना भरलेल्या आणि येताना रिकाम्या असतात, हे ज्याने ध्यानात घेतलं त्याने हे पाटे निवडले.

आता ४०७च्या मागे या. मागे जोड-टायर, म्हणजे गाडीला एकूण सहा. लक्ष द्यायचं ते रिमच्या आकाराकडे. पुढच्या चाकाची तबकडी बाहेर फुगलेली दिसते, मागच्या बाहेरच्या चाकाची आत खोल गेलेली. दोन वेगळी रिम असावीत असं वाटतं, पण रिम एकच, उलटी बसवलेली. दोन रिम पाठीला पाठ लावून बसवली की टायरांमध्ये आपोआप अंतर राहतं, आणि एकच स्टेपनी सहाही जागी चालते. मग त्या खोल तबकडीच्या मधोमध बघा. तिथे बोल्टांचं एक कडं असलेली जाड टोपी बाहेर आलेली असते. हलक्या गाड्यांत चाक फिरवणारा दांडाच गाडीचं वजनही पेलतो. इथे वजन आसाचं बाहेरचं नळकांडं पेलतं आणि आतला दांडा फक्त चाक फिरवतो. ते बोल्ट काढले की चाक जागेवर ठेवून दांडा सरळ बाहेर ओढता येतो. रस्त्यात दांडा तुटला तरी चाक गळून पडत नाही. जड गाडी आणि हलकी गाडी यांच्यामधली सीमारेषा कुठे काढायची असं कुणी विचारलं, तर मी या बोल्टांच्या कड्यावर बोट ठेवीन.

अमेरिकेतही ती रेषा इथूनच जाते. तिथल्या हेवी-ड्यूटी पिकअप आपल्या नजरेला अवाढव्य. रॅम या ब्रँडच्या गाडीत कमिन्सचं ६.७ लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल इंजिन येतं. (हीच कमिन्स १९६२ साली किर्लोस्करांच्या सोबतीने पुण्याला कोथरूडमध्ये आली.) पण त्या गाडीची चमक बाजूला सारून मागे वाकलं, तर तिथेही तेच दिसतं: वजनापासून मोकळा केलेला दांडा आणि वरच्या प्रकारांत जाडजूड पाटे नि मागे जोड-टायर.

मग इंजिनं. तिन्हींच्या अंतरंगात तीन वेगवेगळे स्वभाव आहेत आणि ते आकड्यांतूनच कळतात. १९९८च्या इंडिका मोटारीचं डिझेल इंजिन चार सिलिंडरचं, १४०५ सीसी. २००५ साली आलेल्या छोट्या हत्तीचं दोन सिलिंडरचं, ७०२ सीसी. बरोबर निम्मं! टाटा मोटर्समधल्या गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूला तीनचाकी टेम्पोवाल्याच्या खिशाला परवडेल अशी चारचाकी करायची होती, तेव्हा कोऱ्या कागदावरून नवं इंजिन काढण्याची चैन नव्हती. तेव्हाची ताकद फक्त १६ अश्वशक्ती. आजच्या चांगल्या मोटरसायकलीची याहून जास्त असते. पण मोटरसायकलीला ती ताकद काढायला इंजिन गरागरा फिरवावं लागतं आणि हे इंजिन आपला जास्तीत जास्त पीळ (टॉर्क), जेमतेम ३८ न्यूटन मीटर, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच देऊन टाकायचं. साकी नाक्याच्या वाहतुकीत गाडी धावते कमी, सरपटते जास्त. तिथे हा स्वभाव सोन्यासारखा.

बोलेरो पिकअपच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १०१.६. हे असे अपूर्णांक का? इंचांत करून बघा: साडेतीन इंच आणि चार इंच, अगदी नेमके. कॉमन रेल आलं, बीएस-६ आलं, डिझेलचा फवारा संगणक मोजू लागला, तरी धातूच्या पोटात इंचांच्या काळातलं माप जसंच्या तसं आहे. व्यासापेक्षा धाव लांब असली की पिस्टनला क्रँकवर लांब तरफ मिळते आणि इंजिन सावकाश पण दमदार ओढतं. दोनशे न्यूटन मीटरचा टॉर्क १४०० फेऱ्यांपासून हाताशी असतो. ४०७च्या ४९७ इंजिनात हेच माप ९७ बाय १००, जवळजवळ चौरस. म्हणजे लांब धावेचा अट्टहास तिथे नाही. घनफळ मोठं घ्यायचं आणि ते न दमवता वापरायचं, असा हिशेब.

या स्वभावांची परीक्षा घोडबंदर रस्त्याला, गायमुखच्या घाटात होते. बोरिवलीकडून ठाण्याला माल घेऊन जाणारी भरलेली पिकअप चढणीला लागताना कान द्यावा. चांगला चालक चढ सुरू होण्याआधीच गिअर उतरवतो. इंजिनाचा आवाज एक पायरी वर चढतो आणि तिथेच टिकून राहतो. वर जाईपर्यंत तो ढळत नाही. चढ आल्यावर आवाज आधी खाली बसला आणि मग धापा टाकू लागला, तर गाडी नवी असली तरी हात कच्चा आहे. रिकामी ४०७ बहुतेक चालक दुसऱ्या गिअरमध्येच उचलतात, कारण पहिला गिअर इतका खाली ठेवलेला आहे की तो फक्त भरल्या गाडीच्या चढणीवरच कामी यावा. एक अख्खा गिअर वाईट दिवसासाठी राखून ठेवणं, हे मला फार सुसंस्कृत वाटतं.

गाडीचा पुढचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला आहे आणि तो थोडक्यात आटोपतो. छोट्या हत्तीला बॉनेट नाही, इंजिन आसनाखाली. त्यामुळे गाडीची लांबी ३.८ मीटर आणि त्यातला हौदाच सव्वादोन मीटरच्या घरात. वळण्याची त्रिज्या ४.३ मीटर. घाटकोपरच्या असल्फ्यात टेकडीला चिकटलेल्या गल्ल्यांत पाण्याच्या टाक्या नि सिमेंटच्या गोण्या पोचवताना यातला एकेक सेंटीमीटर कामाला येतो. आसनाखालच्या इंजिनाची ऊब मेमध्ये चालकाला सोसावी लागते, हे खरं; पण या लांबीत दुसरी जागाच नव्हती. बोलेरो पिकअपला लांब बॉनेट. ते जागा खातं, पण मागे हौदा दहा फुटांपर्यंत जातो. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून निघालेलं सागवानी कपाट त्यात आडवं सहज मावतं. ४०७ने मधला मार्ग काढला: इंजिन अर्धं बॉनेटमध्ये, अर्धं केबिनमध्ये. मेकॅनिकला बाहेर उभ्याने काम करता येतं आणि लांबीही वाया जात नाही. गणपतीच्या दिवसांत उंच मूर्ती पवई तलावाकडे निघते, तेव्हा मंडळं हीच गाडी का शोधतात ते तिच्या चासीकडे बघून कळतं.

या गाड्यांशी उपनगरांचं नातं फक्त गिऱ्हाइकाचं नाही. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी जर्मन कंपनीच्या सहकार्याने हॅन्सिएट हा तीनचाकी टेम्पो बनवायला सुरुवात केली ती गोरेगावात. महिंद्रांचा कारखाना कांदिवलीच्या आकुर्ली रोडवर. ४०७ मात्र पुण्याची, टाटांच्या ट्रक-कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या काळातली. ती १९८६ साली आली तेव्हा टोयोटा, माझदा, मित्सुबिशी आणि निस्सान असे चार जपानी भिडू भारतीय भागीदारांना घेऊन याच वजनात उतरले होते. त्यांच्या गाड्या दिसायला देखण्या, चालवायला हलक्या. ४०७ त्यांच्यापुढे टिकली, याचं कारण मी तिच्या पाट्यांत नि आसात शोधतो. आपला व्यापारी कागदावरच्या भाराला थांबत नाही, हे तिच्या कर्त्यांनी आधीच धरलेलं होतं.

आता पुन्हा गायमुखला येऊ. घाट चढून झाला, की उतार. आणि माझ्या मते या साऱ्या रचनेतली सर्वांत सुंदर जागा उतारावरच कळते. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि रिकामा हौदा मागे हलका पडतो. अशा वेळी मागच्या चाकांना पुढच्याइतकाच ब्रेक लागला तर ती जागच्या जागी थिजतात आणि गाडीची शेपूट सरकते. पावसात तर हमखास. याच्यावर उपाय म्हणून अनेक पिकअपमध्ये मागच्या आसापासून चासीवरच्या एका छोट्या झडपेपर्यंत बारीक सळई गेलेली असते. हौदा भारानं खाली आला की सळई झडप उघडते, मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. हौदा रिकामा, वर आलेला, की दाब कमी. पाटे किती दबले हेच तिचं मोजमाप.

म्हणून भार वाढवायच्या नादात कुणी मागे जादा पाटे भरवून घेतले, की ही सळई फसते. हौदा भरूनही खाली येत नाही. झडपेला गाडी रिकामीच वाटत राहते आणि दोन टन माल घेऊन गायमुख उतरताना मागचे ब्रेक अर्ध्याच जोराने लागतात. पाटे भरवणाऱ्या गॅरेजवाल्याकडून त्याच दिवशी, गाडी बाहेर काढण्याआधी, सळईची लांबी नव्याने लावून घ्यावी. गाडीखाली जाऊन ती स्वतः डोळ्यांनी बघावी, आणि मग हौदा भरून मोकळ्या रस्त्यावर एकदा ब्रेक दाबून पाहावा.