रणांगणाबाहेरचं युद्ध : मराठी साहित्य आणि गोंदियाचा अनुभव

आजचा विषय जरा वादाचा आहे, त्यामुळे थेट सुरुवात करू. मराठी समीक्षेत एक तक्रार आपण नेहमी ऐकतो : मराठीत मोठी युद्धकादंबरी नाही, कारण आपल्याकडे युद्ध आलंच नाही. युरोपातली शहरं बेचिराख झाली, रशियात लाखो माणसं उपाशी मेली, जपानवर अणुबॉम्ब पडला. आपण मात्र लांबून रेडिओ ऐकत बसलो. मग अनुभवच नसेल तर साहित्य कुठून येणार?

आमचं म्हणणं असं, की या तक्रारीत अनुभव या शब्दाचा अर्थ फार अरुंद धरलेला आहे. खंदक, तोफ, रक्त एवढ्यालाच युद्धाचा अनुभव म्हणायचं ठरवलं, तर तो आपल्याकडे थोड्यांनाच आला, हे खरं. पण युद्ध भावातून येतं, नोटेतून येतं, शिध्यातून येतं, आणि कधीकधी निर्वासितांच्या वस्तीच्या रूपानं शेजारी येऊन राहतं. हे पाहायला गोंदियाइतकी चांगली जागा नाही.

आधी साहित्याकडे पाहू. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ 1939 साली आली. नाव रणांगण, पण कादंबरीत लढाईचं मैदान कुठेच नाही. युरोपातून निघालेली एक बोट आहे. बोटीवर चक्रधर आहे, आणि जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू मुलगी हॅर्टा आहे. चक्रधर मुंबईला उतरू शकतो. हॅर्टाला तिथे उतरता येत नाही. बस. एका माणसाकडे उतरायला देश आहे, दुसऱ्याकडे नाही, यातच बेडेकरांनी युद्ध दाखवलं, तेही युद्ध सुरू होण्याच्या वेळेलाच. आमच्या मते या कादंबरीचं सगळ्यात मोठं यश हेच, की तिनं रणांगण या शब्दाची जागा बदलली. बंदुकीपेक्षा बंदरावरचा कागद जास्त निर्णायक ठरतो, हे तिला कळलं होतं.

दुसरे मर्ढेकर. ‘काही कविता’ 1947 चा. त्यातली उंदरांची कविता आपण सगळ्यांनी कॉलेजात शिकली आहे. तिचा अर्थ लावताना यंत्रयुग, महानगर, माणसाचं क्षुद्रत्व असे शब्द येतात. ते बरोबरच आहेत. पण ही कविता रेशनिंगच्या आणि महागाईच्या काळातल्या मुंबईची आहे, हे वर्गात क्वचित सांगितलं जातं. संतांची ओवी आणि अभंग हाताशी धरून मर्ढेकर यंत्राचे आणि रांगेचे शब्द त्यात बसवतात, तेव्हा तो नुसता शैलीचा प्रयोग राहत नाही. ज्या घरात काल अभंग म्हणत होते, त्याच घरातला माणूस आज धान्यासाठी ताटकळतो आहे. ही भाषा त्या धक्क्याची आहे.

आता या दोघांची मर्यादाही सांगायला हवी. दोघंही समुद्राकाठचे. बोट आणि मुंबई. युद्धाचं बिल जिथून भरलं गेलं तो आतला मुलूख, जंगल, धानाचं बांधी, बिडीचं सूप, हे त्यांच्या नजरेत येत नाही. त्यांनी ते लिहायलाच हवं होतं, असं आम्ही म्हणत नाही. पण नंतरच्या समीक्षेनं मराठी युद्धानुभवाची हद्दच तिथे आखली, ही आमची तक्रार आहे.

तर मग आत येऊ. गोंदिया हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग, मध्य प्रांतात. स्वतंत्र जिल्हा झाला 1999 मध्ये. बंगाल-नागपूर रेल्वेमुळे हे जंक्शन झालं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून जबलपूरकडे छोटी लाईन गेली. भोवती धान आणि तेंदूचं जंगल. म्हणजे धान्य, पान आणि रेल्वे, युद्धाला लागणाऱ्या तीन गोष्टी एकाच ठिकाणी.

शहराजवळ बिरसीला विमानतळ आहे. तिथली धावपट्टी इंग्रजांनी 1940 मध्ये बांधली. हजारो मैलांवरच्या युद्धासाठी आमच्या धानाच्या मुलखात धावपट्टी! आज तिथे वैमानिकांना प्रशिक्षण मिळतं, आणि ती मुळात कशासाठी होती हे बहुतेकांना माहीत नसतं.

पण धावपट्टीपेक्षा खोल गेला तो पैसा. हा हिशोब नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ब्रिटनशी करार असा होता, की भारताबाहेरच्या लढाईसाठी भारतानं जो खर्च केला तो ब्रिटन देईल. पण देईल कसा? लंडनमध्ये भारताच्या नावानं पौंड जमा होतील. इथे धान्य, कापड, लाकूड विकत घ्यायला रुपये लागत, ते रिझर्व्ह बँकेनं त्या पौंडांच्या आधारावर छापले. युद्ध संपलं तेव्हा लंडनमध्ये आपले सुमारे 130 कोटी पौंड जमा होते, आणि देशातल्या नोटा साधारण सहापटीनं वाढल्या होत्या. माल बाहेर गेला आणि नोटा आत राहिल्या. म्हणजे ज्या बाईनं जास्त भाव देऊन तांदूळ घेतला, तिनं ब्रिटनला कर्ज दिलं. तिला कोणी विचारलं नाही, आणि तिच्याकडे पावतीही नव्हती.

नाण्यातही तेच झालं. 1940 मध्ये रुपयातली चांदी घटवून निम्म्यावर आणली. 1943 मध्ये मधोमध भोक असलेला पैसा आला, कारण धातू वाचवायचा होता. जुन्या घरांत तो अजून सापडतो, करदोड्यात ओवलेला किंवा देवघरात ठेवलेला. आम्हाला विचाराल तर या मुलखातलं युद्धस्मारक तेच आहे.

धानाचंही तसंच. मार्च 1942 मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. 1943 मध्ये बंगालात दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. मग ज्या प्रांतांत तांदूळ शिल्लक होता, त्यांच्यावर नजर गेली. खरेदी, नियंत्रण, वाहतुकीचा परवाना, काळाबाजार हे शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यात या काळात रुळले. आज खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून बसणारा शेतकरी सरकारशी ज्या भाषेत भांडतो, तिची मुळं तिथली आहेत.

आणि बिडी. इथे थोडं थांबू. बिडीचा धंदा युद्धानं जन्माला घातला, असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. तेंदूपान, रेल्वे आणि गुजराती व्यापाऱ्यांचं भांडवल यांवर तो आधीच उभा होता. स्वदेशीनं त्याला हात दिला. पण युद्धकाळात मागणी वाढली, सैन्यासाठीही बिडी गेली. पान भिजवायचं, साच्यानं कापायचं, जर्दा भरायचा, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांवर. घरातली बाई, तिच्या बाजूला मुलं. खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिडीचे पैसे नाहीत, बिडी मात्र परत नाही. महागाई सहा महिन्यांत चढते, हजारी दर मात्र ठेकेदाराच्या मर्जीनं.

1944 मध्ये सरकारनं देशभरातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. त्या चौकशीत बिडीवर वेगळा अहवाल झाला. म्हणजे युद्धाच्या निमित्तानं ही बाई पहिल्यांदा सरकारी कागदावर नीट दिसली. आणि तिच्यासाठी कायदा कधी झाला? 1966 मध्ये. मध्ये वीस-बावीस वर्षं गेली. कल्याण निधीचा कायदा त्यानंतर आणखी दहा वर्षांनी, 1976 ला.

स्वातंत्र्यानंतरची युद्धंही इथे अशीच आली. 1962 मध्ये चीनशी युद्ध झालं. त्यानंतर शस्त्रनिर्मिती वाढवायची ठरली, आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी सुरू झाली. कित्येक घरांना पक्की नोकरी मिळाली, पोरं शिकली. त्याच कारखान्यात 24 जानेवारी 2025 ला स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. सीमा इथून हजार किलोमीटरवर. मरण जवाहरनगरला.

मग अर्जुनी-मोरगाव तालुका पाहा. गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, नोर्गेलिंग, 1972 पासूनची. 1959 नंतर मायदेश सोडलेली माणसं इथे जंगल साफ करून शेती करू लागली, आणि हिवाळ्यात शहरात स्वेटर विकायला जाऊ लागली. त्याच तालुक्यात अरुणनगरसारखी बंगाली निर्वासितांची गावं आहेत. फाळणी आणि पूर्व पाकिस्तानातली उलथापालथ यांतून आलेली ही माणसं. तीही धानच लावतात. जमिनीची मालकी, जातीचा दाखला हे त्यांचे प्रश्न अजून निघत असतात. बेडेकरांच्या हॅर्टाला जो प्रश्न होता, उतरायचं कुठे, तो प्रश्न इथे झाडीपट्टीत उतरलेला आहे, आणि सातबाऱ्यावर अडकलेला आहे. मराठी कादंबरीला याहून मोठा विषय कोणता हवा?

कोणी म्हणेल, हे तुम्ही ताणता आहात. गरिबी, महागाई, विस्थापन हे सगळं युद्धाच्या खात्यावर टाकलं, तर युद्ध या शब्दाला अर्थ काय उरला? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आम्ही बिडीबद्दल आधीच खुलासा केला. आमची कसोटी साधी आहे : ज्या ठिकाणी युद्धासाठी घेतलेला निर्णय नावानिशी दाखवता येतो आणि त्याचा परिणाम एखाद्या घरापर्यंत नेता येतो, त्यालाच युद्धाचा अनुभव म्हणायचं. भोकाचा पैसा या कसोटीला उतरतो. आयुध निर्माणी उतरते. प्रत्येक दुष्काळ उतरणार नाही.

शेवटी इथल्याच एका लेखकाकडे जाऊ. आमगावजवळचं पद्मपूर हे भवभूतीचं गाव, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, आणि या भागात ते अभिमानानं सांगितलं जातं. त्या भवभूतीचं ‘उत्तररामचरित’ सुरू होतं युद्ध संपल्यानंतर. पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण भिंतीवरची चित्रं पाहतात. वनवास, पराक्रम, सगळं चित्रात आलेलं आहे. चित्रं पाहून दमलेली गरोदर सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपते. आणि ती झोपेत असतानाच तिच्या त्यागाचा निर्णय होतो.

विसाव्या शतकातल्या युद्धांचा इतिहास आपण असाच शिकतो, चित्रं पाहिल्यासारखा. करार, विजय, सेनापती. किंमत मोजणारी बाजूलाच झोपलेली असते. भवभूतीनं नाटक तिच्याबद्दल लिहिलं, लंकेबद्दल नाही. मराठी समीक्षेनं हा धडा घ्यायला हवा होता.

हा काही केवळ साहित्याचा वाद नाही. ज्याचा अनुभव युद्धाचा म्हणून नोंदला जातो, त्याला स्मारक मिळतं, पेन्शन मिळतं, पाठ्यपुस्तकात ओळ मिळते. ज्याचा नुसती गरिबी म्हणून नोंदला जातो, त्याला फार तर योजना मिळते. चाळीसच्या दशकात आईशेजारी बसून बिड्या वळणारी मुलं आज नव्वदीच्या घरात आहेत. झाडीबोलीत त्यांच्याकडे जे शब्द आहेत, ते कुठल्याही अहवालात नाहीत. इथल्या कॉलेजांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी ‘रणांगण’वर आणखी एक प्रकरण लिहिण्याआधी एखाद्या अंगणात जाऊन बसावं आणि एवढंच विचारावं : तेव्हा हजाराला किती मिळायचे, आणि पायलीभर तांदूळ कितीला होता? त्या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, तिथून मराठीची युद्धकादंबरी सुरू होऊ शकते.

आता प्रश्न घेऊ.