‘अभिप्रायार्थ’ आलेला ग्रंथ : ग्रंथकार, परीक्षक आणि वाचक

मराठी नियतकालिकांकडे येणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर ‘अभिप्रायार्थ’ हा शब्द हाताने लिहिलेला वा शिक्क्याने उमटविलेला आढळतो. ग्रंथकाराची सारी अपेक्षा त्या एका शब्दात सामावलेली असते. परंतु हा अभिप्राय कोणी, कोणासाठी आणि कोणत्या नात्याने द्यावयाचा, याचा उलगडा त्या शब्दातून होत नाही. आपल्या पुस्तकाचे परीक्षण व्हावे म्हणून ग्रंथकाराने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा वाटतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असेही कोणी विचारील. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा प्रश्न मुळात समीक्षेचाच आहे. परीक्षण मिळविण्याचे जे मार्ग आज रूढ झाले आहेत, त्यांपैकी बहुतेक मार्ग परीक्षणाचे प्रयोजनच नाहीसे करतात. ग्रंथकाराला खरी गरज असते ती स्तुतीची नव्हे, तर त्याच्याशी कोणत्याही उपकाराने बांधला न गेलेल्या एका जाणत्या वाचकाची.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेणे इष्ट होईल. नियतकालिकात पुस्तकाचा उल्लेख तीन पायऱ्यांनी होतो. पहिली ‘साभार पोच’. तीत पुस्तकाचे नाव, ग्रंथकार, प्रकाशक, पृष्ठे व मूल्य एवढेच येते. दुसरी ‘परिचय’. पुस्तकात काय आहे, हे तो सांगतो. तिसरी ‘परीक्षण’. पुस्तकात जे आहे ते कितपत साधले आहे, कोठे उणे पडले आहे आणि त्या विषयावरील पूर्वीच्या लेखनात त्याने कोणती भर घातली आहे, हे परीक्षण पुराव्यानिशी सांगते. परिचय छापून आला म्हणजे परीक्षण झाले, अशी समजूत सर्वत्र दिसते. ती खरी नव्हे. परिचय पुस्तकाच्या बाजूने बोलतो. परीक्षणाने वाचकाच्या बाजूने बोलावयाचे असते.

परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात, अशी सूचना अनेक मासिके छापीत आली आहेत. तीमागे साधा हिशेब आहे. एक प्रत कार्यालयात नोंदीसाठी राहते व दुसरी परीक्षकाकडे जाते. एकच प्रत पाठविणाऱ्या ग्रंथकाराचे पुस्तक पोचेच्या रकान्यापर्यंत पोहोचते आणि पुष्कळदा तेथेच थांबते. व्यवहाराचे असे लहान नियम पाळण्यात कोणताही कमीपणा नाही. तथापि ते पाळून पुस्तक परीक्षकाच्या हाती पडते, इतकेच. तो ते वाचील, किंवा वाचून त्यावर लिहील, याची हमी त्यांतून मिळत नाही.

ह्या व्यवहाराच्या इतिहासात १८६७ हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी मुद्रणालये व ग्रंथनोंदणी यांविषयीचा कायदा झाला आणि छापल्या जाणाऱ्या पुस्तकांची सरकारी नोंद होऊ लागली. त्याच वर्षी ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक सुरू झाले. ते पुढे १९३७ पर्यंत चालले आणि ग्रंथपरीक्षण हे त्याचे एक मुख्य अंग ठरले. सरकारी नोंदीने पुस्तकाचे अस्तित्व सांगितले. मासिकाने त्याची योग्यता तपासली. ही दोन कामे परस्परपूरक असली तरी एक नव्हेत. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालये यांच्याकडे पाठविणे प्रकाशकावर बंधनकारक केले. १८६७ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा २०२३ साली संमत झाला, तेव्हा त्याच्या कक्षेतून पुस्तके वगळण्यात आली. म्हणजे नोंदीची एक जुनी वाट आता बंद झाली आहे. अशा स्थितीत नियतकालिकांतील पोच व परीक्षण यांना पुरावा म्हणून पूर्वीपेक्षा अधिक मोल आले आहे.

‘विविधज्ञानविस्तारा’तील परीक्षणांपैकी एकाचा निर्देश येथे पुरेसा होईल. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी १८९३ साली ‘विक्रमशशिकला’ या नाटकाचे परीक्षण लिहिले. पुढे स्वतः नाटककार म्हणून प्रसिद्धी पावलेल्या कोल्हटकरांची लेखक म्हणून ओळख ह्या परीक्षणाने करून दिली. ते नाटक आज रंगभूमीवर नाही. त्याचे नाव अभ्यासकाला ठाऊक असते ते प्रामुख्याने त्या परीक्षणामुळे. यातून निघणारा निष्कर्ष ग्रंथकाराने नीट पाहावा. परीक्षक लिहितो तेव्हा त्याच्यापुढे ग्रंथकाराची विनंती नसते. त्याला नाट्यकलेविषयी स्वतःचे काही म्हणावयाचे असते आणि पुस्तक त्यास निमित्त होते. तेव्हा परीक्षक शोधावयाचा तो आपल्या परिचयातला नव्हे, तर आपल्या विषयाचे ज्याला अगत्य आहे असा.

परंतु विषयाचे अगत्य असलेला परीक्षक न्यायी असेलच, असेही नाही. ‘निबंधमाले’त (१८७४ ते १८८१) विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी लोकहितवादींवर व जोतीराव फुले यांच्यावर लिहिले. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’चा परामर्श घेताना त्यांचा भर फुल्यांच्या भाषेतील व्याकरणदोषांवर आणि उपहासावर राहिला, ग्रंथाने उभा केलेला सामाजिक प्रश्न बाजूला पडला. भाषाशुद्धीचे माप हाती असलेल्या परीक्षकाने त्याच मापाने वेगळ्याच जातीची वस्तू मोजली. पुढे १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून ग्रंथकारसभेचे निमंत्रण आले असता फुल्यांनी ते पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या व्यवहारात सर्वांच्या मानवी हक्कांना स्थान नाही, त्यांच्या सभेत आपल्या ग्रंथांना स्थान मिळून उपयोग काय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. परीक्षण मिळाले, पण वाचक मिळाला नाही, असा हा प्रसंग आहे.

नाशिकजवळच्या विहितगावचे बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. ह्या लेखनाला कोणते निकष लावावयाचे? रूढ कथासमीक्षेची मापे येथे अपुरी पडत होती. त्यानंतर काही वर्षांतच गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली तेव्हाच्या औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ निघू लागले आणि दलित लेखकांना निर्मितीबरोबर समीक्षेचेही स्वतःचे पीठ लाभले. आपल्या पुस्तकाला योग्य परीक्षक नाही, असे ज्या लेखकवर्गाच्या ध्यानात आले, त्याने परीक्षकाची याचना केली नाही. परीक्षक घडतील अशी जागा निर्माण केली. परीक्षण मिळविण्याचा हा मार्ग सर्वांत लांबचा खरा, पण टिकाऊही हाच.

आता प्रस्तावनेकडे वळू. मराठीत परीक्षणाची जागा पुष्कळ अंशी प्रस्तावनेने घेतली आहे आणि तिचे समर्थन करताना ‘विशाखे’चे उदाहरण हटकून दिले जाते. नाशिकशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या कुसुमाग्रजांचा हा संग्रह १९४२ साली वि. स. खांडेकर यांनी स्वखर्चाने प्रकाशित केला व त्यास ‘अर्घ्यदान’ ही प्रस्तावना लिहिली. १९३३ साली निघालेल्या ‘जीवनलहरी’ ह्या पहिल्या संग्रहानंतरचा हा कवी त्या वेळी तिशीतला होता; उलट खांडेकर १९४१ च्या सोलापूर साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषवून आलेले मान्यवर लेखक होते. ह्या प्रकरणात उपकाराची दिशा कोणती होती, हे पाहण्यासारखे आहे. खांडेकरांना ह्या कवीकडून काही मिळवावयाचे नव्हते. आपल्या अभिप्रायाबरोबर त्यांनी आपला पैसा व आपली प्रतिष्ठा पणास लावली होती. म्हणून त्या अभिप्रायाला वजन आले.

आजच्या प्रस्तावनेची रीत बहुधा याच्या उलट असते. प्रस्तावनाकार ग्रंथकार निवडतो, त्यास विनंती करतो आणि आलेला मजकूर आपल्या पुस्तकाच्या आरंभी आपणच छापतो. त्यातील दोन वाक्ये मलपृष्ठावर जातात. तीच प्रकाशन समारंभातील भाषणात ऐकू येतात आणि चार दिवसांनी वृत्तपत्रातील परिचयातही उतरतात. वाचकाला वाटते, चार जाणत्यांनी पुस्तक वाखाणले. वस्तुतः एकच अभिप्राय चार वेषांत फिरलेला असतो.

यातून होणारी खरी हानी ग्रंथकाराच्या ध्यानात येत नाही. समजा, बागलाण व कळवण भागातील अहिराणी बोलीवर एखाद्याने परिश्रमपूर्वक ग्रंथ लिहिला. तो पारखू शकतील असे अभ्यासक मराठीत किती निघतील? मोजकेच. त्यांपैकी एक मार्गदर्शक असतो, एकाकडून प्रस्तावना घेतली जाते, दोघे समारंभाच्या व्यासपीठावर बसतात आणि एकास ग्रंथ अर्पण केला जातो. परीक्षणाची वेळ येते तेव्हा मोकळा असा अधिकारी वाचक उरतच नाही. ग्रंथकाराने आपले परीक्षक आपल्याच हाताने खर्चून टाकलेले असतात. मग परीक्षण येत नाही, किंवा आले तर ज्याला विषय ठाऊक नाही अशा भिडस्त स्नेह्याचे येते. आणि ग्रंथकार नियतकालिकांच्या उदासीनतेला दोष देत राहतो.

तेव्हा ग्रंथकाराचे पहिले कर्तव्य परीक्षक राखून ठेवण्याचे आहे. ज्याच्या मताची आपल्याला सर्वांत अधिक किंमत वाटते, त्याला प्रस्तावना मागू नये, व्यासपीठावर बसवू नये. दुसरे कर्तव्य नियतकालिक निवडण्याचे. प्रत पाठविण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे मागील सहा-सात अंक वाचावेत. ते आपल्या विषयाच्या पुस्तकांची दखल घेते काय, हे पाहावे. प्रतीसोबत संपादकाच्या नावे एक लहान पत्र असावे. त्यात पुस्तकाचा विषय, साधनसामग्री आणि पूर्वीच्या ग्रंथांहून त्याचे वेगळेपण एवढेच यावे, विशेषणे येऊ नयेत. परीक्षकाचे नाव सुचवावयाचा मोह आवरावा. ती निवड संपादकाची. वर्गणी किंवा जाहिरात यांच्या मोबदल्यात परीक्षण छापण्याची तयारी कोणी दाखविली, तर ते परीक्षण नव्हे, जाहिरातच होय, हे ओळखावे. आणि परीक्षण प्रतिकूल आले तर वस्तुस्थितीची चूक असल्यासच उत्तर द्यावे. मताला उत्तर देऊ नये.

यावर एक आक्षेप येईल. नियतकालिकेच उरली नाहीत, तर हा उपदेश काय कामाचा? आक्षेपात तथ्य आहे. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. समीक्षेला वाहिलेले ‘आलोचना’ही आज नाही. परंतु परीक्षणाची गरज त्यामुळे सरली, असे नव्हे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी ग्रंथालये महाराष्ट्रात गावोगावी आहेत. तेथील ग्रंथपाल पुस्तके निवडतो कशावरून? स्वतंत्र परीक्षण समोर नसेल, तर विक्रेत्याची सवलत आणि मलपृष्ठावरील मजकूर एवढाच त्याचा आधार. ज्या वाचकाच्या गावी पुस्तकांचे दुकान नाही, त्याच्यापर्यंत कोणते पुस्तक पोहोचावे हे अशा रीतीने ठरते. परीक्षणाच्या अभावाची किंमत ग्रंथकारापेक्षा हा वाचक अधिक मोजतो.

म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या संस्थांवर ह्या बाबतीत विशेष जबाबदारी येते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. हंप्राठा महाविद्यालयालाही १९२४ पासूनची परंपरा आहे. अशा गावी नव्या पुस्तकावर समारंभ होतात, त्याऐवजी प्रकाशनानंतर तीन-चार महिन्यांनी, पुस्तक वाचून आलेल्या मंडळींची ग्रंथकाराच्या अनुपस्थितीत चर्चा व्हावी आणि तिचा वृत्तांत छापला जावा. भाषाविभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून वर्षाकाठी एका नव्या पुस्तकाचे परीक्षण लिहून घ्यावे; समीक्षेचे सिद्धान्त पाठ करण्याहून ते काम अवघड आहे आणि अधिक उपयोगाचेही. जिल्ह्यातून निघणाऱ्या पुस्तकांची व त्यांवर आलेल्या लेखनाची वार्षिक सूची संशोधनपत्रिकेने छापावी. पन्नास वर्षांनी ह्या काळाचा वाङ्मयेतिहास लिहावयास बसणाऱ्यास पुस्तके कदाचित सापडतील. ती त्यांच्या काळात कोणी कशी वाचली, हे मात्र आपण लिहून ठेवले तरच त्याला कळेल.